दिसेल तेवढंच पाणी

बॉयलर अण्णा भेटले की नमस्काराच्या आधी विचारायचे, "काचेत पाणी हाय का?" समोर मोठा साहेब असो, भाजीवाली असो, नाहीतर त्यांची स्वतःची सून. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरसमोर एक उभी काचेची नळी असते. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी त्या काचेखाली गेलं की भट्टीचा माथा उघडा पडायची भीती, आणि माथा उघडा पडून तापला की बॉयलर फुटतो. अण्णांची उभी नोकरी सोलापूरच्या जुन्या शेडमध्ये असे बॉयलर दुरुस्त करण्यात गेली होती, त्यामुळे माणसाची खुशाली विचारायला त्यांना दुसरा प्रश्न सुचायचा नाही. "हाय की, अर्धी काच," असं उत्तर दिलं की स्वारी खूश. नुसतं "बरं आहे" म्हटलं की चेहरा पडायचा.

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बाह्या दुमडलेला सदरा, आणि आवाज असा की शेजारच्या फलाटावरच्या माणसानं ओ द्यावी. शांत असले की मराठी, तापले की कानडी. बॉयलरच्या पोटात बसून हातोडे ऐकून त्यांचा एक कान गेला होता. तो नेमका कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण नको असलेली गोष्ट बोलणारा माणूस ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूचा कान बहिरा असायचा. माझ्या वाट्याला तो बहुतेक वेळा यायचा.

याचं कारण माझं खातं. मी रेल्वेत वाहतूक निरीक्षक, म्हणजे कोणती गाडी कुठून कधी जाईल याची जागा शोधणारा माणूस. आणि अण्णांना जागा हवी होती. शेडसमोर चौथऱ्यावर कितीतरी वर्षं रंग लावून उभं केलेलं एक वाफेचं इंजिन त्यांनी आपल्या निवृत्त सवंगड्यांना हाताशी धरून जिवंत केलं होतं. त्याला ते काळी म्हणत. काळी शेडच्या आवारात पुढं-मागं व्हायला लागली तेव्हा सगळ्या रेल्वे कॉलनीनं पेढे खाल्ले. अण्णांनी पेढा हातात धरला आणि मला म्हणाले, "मास्तर, हे काय खरं न्हाय. मेन लायनीवर कवा घेताय?"

मी स्टेशन मास्तरकी सोडून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्यासाठी मी कायम मास्तरच. मी त्यांना समजावून सांगितलं. वाटेतले पाणी भरायचे खांब गेले. कोळसा ट्रकनं आणावा लागतो. इंजिन फिरवायची चकती गेली. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आली. मागून धडाधड गाड्या येतात, आणि तुमच्या बाईला रस्ता द्यायचा तर त्या सगळ्या बाजूला उभ्या करायच्या. हे परवडणारं नाही, अण्णा.

"रूळ कुनी आनलं हितं?" त्यांनी विचारलं. "हिच्या आज्जीनंच वढून आनलं की! आन् आता हिलाच म्हनताय, वाट न्हाय?"

"मग मागे एक विजेचं इंजिन जोडू. काही झालं तर ते ओढून नेईल."

यावर ते जे भडकले ते कानडीत. मराठीवर आले तेव्हा म्हणाले, "लग्नात नवरदेवाच्या मागं दुसरा नवरदेव हुबा करत्यात का वो, मास्तर? न जानो ह्यो पडला तर म्हनून?"

अण्णांनी साहेबांच्या कचेरीत इतक्या फेऱ्या मारल्या की शिपाई त्यांना विचारल्याशिवाय चहा आणायला लागला. शेवटी परवानगी मिळाली: सोलापूर ते कुर्डुवाडी, तीन डबे, एकदाच, चाचणी म्हणून. मागं इंजिन नाही. अट मात्र साहेबांनी तोंडावर सांगितली. काळीमुळं मेन लाइन अडली, कोणत्याही कारणानं अडली, तर ती कायमची चौथऱ्यावर. अण्णांनी हे ऐकलं. तेव्हा साहेब चांगल्या कानाच्या बाजूला होते.

त्या दिवशी सकाळी शेडमध्ये जत्रा लोटली होती. जुन्या शेडची एक रीत होती. खंडेनवमीला फोरमन टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या पाण्या-कोळशाच्या गाडीवर, चढायचा आणि बाळ्याच्या खंडोबाचा चिमूटभर भंडारा टाकीच्या पाण्यात सोडायचा. इंजिनाचा पहिला घोट देवाच्या नावचा. शेड बंद झाली तेव्हा रीतही बंद झाली होती. अण्णांना त्या दिवशी उमाळा आला. फोरमन आता कोणी उरला नव्हता, तेव्हा त्यांनीच जाहीर केलं, "सगळी आपलीच मान्सं हायत. एकेक चिमूट टाका समद्यांनी!" आणि स्वतः हातोडी घेऊन इंजिनाखाली शिरले, शेवटची तपासणी करायला.

सगळ्यांनी टाकला. शेडवरच्या त्या रुळांवर तार नव्हती, त्यामुळं शिडीला रांग लागली. म्हातारे फिटर, त्यांच्या बायका, सुना, नातवंडं. कुणी चिमूट टाकली, कुणी मूठ. भंडाऱ्याबरोबर खोबरं उधळायचं असतंच, तेही गेलं. एका बाईंनी हारातली झेंडूची फुलं कुस्करून सोडली. पाणी पिवळंधमक झालं. सगळे येळकोट करत होते, आणि अण्णा खालून त्याच आवाजात साथ देत होते.

काळी निघाली तेव्हा माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मागच्या तीन डब्यांत कॉलनीतली पोरंबाळं, इंजिनात आम्ही चौघं. गाडी चालवायला नोकरीतला ड्रायव्हर, कोळसा मारायला अण्णांचे जुने फायरमन मुबारकभाई, कंट्रोलशी बोलायला फोन घेऊन मी, आणि काचेसमोर अण्णा. बाळे गेलं. पाकणी गेलं. शेतातली माणसं बांधावर उभी राहून हात हलवत होती. अण्णा कुणाकडं बघत नव्हते. त्यांची नजर काचेवर होती.

पाकणी सोडल्यावर मुबारकभाईंनी बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर उघडला. तो खाकरला आणि गप्प झाला. दुसरा उघडला. तोही तसाच.

"पानी नै लेरा, अण्णा."

अण्णांनी स्वतः हात घातला. वाफ उलटी मारली, म्हणजे नळीत अडकलेलं काही असेल तर मागं ढकललं जावं. इंजेक्टर सुरू झाला. आम्ही श्वास सोडला. थोड्या वेळानं पुन्हा बंद. पुन्हा वाफ, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा नळीच्या तोंडाशी गळणारा थेंब अण्णांनी बोटावर घेतला. पिवळा होता. ते त्या बोटाकडं बघत राहिले. मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. टाकीच्या तळाच्या जाळीवर खोबरं आणि झेंडू जाऊन बसले होते.

"मैं ऊपर जाके हात डालतूं," म्हणत मुबारकभाईंनी टेंडरच्या शिडीवर पाय ठेवला. अण्णांनी त्यांना सदऱ्याला धरून खाली ओढलं आणि नुसतं वर बोट दाखवलं. तार. टेंडरवर उभा राहिलेला माणूस आणि ती तार यांच्यात काही उरत नाही.

मी कंट्रोलला फोन लावला. तारेतली वीज बंद करून मिळेल का? पलीकडचा आवाज म्हणाला, मिळेल, पण मग पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या उभ्या राहतील. मागं मुंबईची गाडी आत्ताच रोखून धरलीय. तुम्ही मोहोळला बाजूच्या लाइनवर या, मग काय करायचं ते करा. मोहोळ गाठा, बस.

मोहोळ समोरच होतं. वळण संपलं आणि सिग्नल दिसला, आमच्यासाठी मोकळा करून ठेवलेला. त्याच्यापलीकडं स्टेशनची छपरं. तिथं पोचलो असतो तर मेन लाइन मोकळी, अट शाबूत, काळीचं नाव राहिलं असतं. मी काचेकडं पाहिलं. पाणी तळाशी हेलकावत होतं. दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. मग दिसेनासं झालं.

"अण्णा, सिग्नल दिखरा सामने," मुबारकभाई काकुळतीला आले होते. "दो मिनट की बात है. पानी नीचे हुइंगा, इत्ती जल्दी खाली नै होता."

ड्रायव्हर अण्णांकडं बघत होता. मीही. या प्रवासाच्या विरोधात वर्षभर बोललेला मी, आणि त्या क्षणी माझं मन मोहोळच्या फलाटावर जाऊन उभं होतं. जाऊ दे, अण्णा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मागच्या डब्यांतून पोरांची गाणी ऐकू येत होती.

अण्णांनी एकदा सिग्नलकडं पाहिलं. एकदाच. मग काचेवर पंजा ठेवला, पोराच्या डोळ्यांवर ठेवावा तसा.

"नीर इल्ला. पानी न्हाय," ते हळू म्हणाले. आणि मग मोठ्यानं, "साकु! बास! गाडी थांबवा. आग पाडा."

आग पाडणं म्हणजे भट्टीतला सगळा पेटता कोळसा ओढून खाली रुळांवर टाकणं. मुबारकभाई रडत रडत निखारे ओढत होते. अण्णांनी सळई घेतली आणि त्यांच्या बरोबरीनं ओढायला लागले. हात भाजला तरी थांबले नाहीत. खाली रुळांमध्ये निखाऱ्यांचा ढीग साचला. वर काळी सुस्कारे टाकत गार होत गेली. मी कंट्रोलला कळवलं की मेन लाइन अडली आहे.

मग विजेचं इंजिन आलं आणि आम्हाला उलटं ओढत सोलापूरला घेऊन गेलं. अण्णा खाली उतरले नाहीत. भट्टीच्या दाराशी उभेच होते. फलाटावर सकाळचीच गर्दी होती, पण येळकोट नव्हता. कुणीतरी म्हणालंच, "म्हातारं भ्यालं. मोहोळ नाकासमोर हुतं की."

चौकशीत अण्णांनी पहिलं वाक्य सांगितलं ते हे: "टाका म्हनून मीच म्हनलो. दुसऱ्या कुनाला इचारू नका." बॉयलर तपासणारे इंजिनिअर भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं उघडून पाहिलं. भट्टीचा माथा शाबूत होता, त्याच्यावर अजून पाणी होतं. ते चाचरत म्हणाले, "अण्णा, मोहोळपर्यंत गेली असती हो." मला वाटलं, आता हा माणूस मोडणार.

"गेली असती की," अण्णा म्हणाले. "पन मला दिसत न्हवतं. न दिसनारं पानी माजं न्हवं, साहेब. मागं लेकरं बसली हुती."

काळी चौथऱ्यावर गेली. कितीतरी दिवस अण्णा कुठं दिसले नाहीत. मग एका सकाळी माझ्या दारात उभे. टाकी स्वतःच्या हातानं साफ करून आले होते. खिशातून भिजून पांढरट झालेला खोबऱ्याचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या, मास्तर. लई म्हाग पडला ह्यो परसाद." ते हसले. मला हसता आलं नाही. तो तुकडा मी फेकलाही नाही आणि खाल्लाही नाही, आमच्या देव्हाऱ्यात बरेच दिवस होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर सुनेला म्हणाले, मास्तरला चहा टाक. मग माझ्याकडं वळून तोच प्रश्न, आवाज मात्र बसलेला. मी म्हटलं, "हाय की, अण्णा. अर्धी काच." त्यांनी समाधानानं मान हलवली. पंधरवड्याच्या आत गेले. मुबारकभाईंनी शेडमधून आणलेला मूठभर कोळसा त्यांच्या उशाशी ठेवला होता, कुणी हरकत घेतली नाही.

त्यांच्यामागं माझी फार चमत्कारिक पंचाईत झाली आहे. काळी मेन लाइनवर चालू शकते, हे आता मलाच पटलेलं आहे. टाकीवर बारीक जाळीचं झाकण बसवता येतं, मोहोळला पाण्याचा टँकर उभा करता येतो, मागं विजेचं इंजिन लावता येतं. मागं दुसरा नवरदेव नको म्हणून भडकायला आता कोणी नाही. परवा कचेरीतून नव्या साहेबांचा फोन आला. तरुण, हुशार, उत्साही माणूस. म्हणाले, लोकांना फार हौस आहे, काळीला पुन्हा काढू, तुम्ही फक्त रस्ता काढून द्या.

"काढतो," मी म्हणालो. "मोहोळचा सिग्नल समोर दिसत असताना आग कोण पाडणार?"

साहेब हसले. "अहो, तशी वेळच येऊ देणार नाही आपण."

समोर वेळापत्रकाचा तक्ता उघडा होता. दुपारच्या दोन गाड्यांच्या मध्ये काळी आरामात बसेल एवढी जागा मला दिसत होती. अण्णांची फार आठवण आली. मी तक्ता मिटला.

"रस्ता नाही, साहेब," मी म्हणालो आणि फोन ठेवला.