भरतीची होडी

काल्हेरची आमची खाडीकाठची शेती गोदामासाठी विकली, तेव्हा कागदावर अंगठा वडिलांचा होता, पण हट्ट माझा होता. वडील त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त खाडीवर जायचे ते थांबले. ओसरीत बसायचे, तेही पाण्याकडे पाठ करून. ती पाठ मला रोज दिसायची.

म्हणून दोन-तीन वर्षांनी, नव्वदनंतर कधीतरी, मी ठरवलं की इंजिनाची एखादी जुनी होडी घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन फिरायचं. घरचे म्हणजे खरं तर वडीलच माझ्या मनात होते.

दोन होड्या विकाऊ होत्या. एक गावातलीच, सागवानी, रुंद बुडाची, डिझेलची. वडील तरुणपणी जिच्यातून खाडीतली रेती काढायला जायचे, इंजिन सोडलं तर अगदी तशी. दुसरी मुंबईच्या एका हौशी माणसाची होती. पांढरी, फायबरची, पेट्रोलचं इंजिन, बसायला लाल रेक्झिनच्या गाद्या. मी बघण्याआधीच मनाशी सागवानी पक्की केली होती. वडिलांचं काहीतरी परत देतोय, असं वाटत होतं.

बायको म्हणाली, "मला बघायला आणलं होतंत ना मामंजींना? मग होडी बघायलाही न्या."

तिने सांगितलं म्हणून ते आले. नेमकी ओहोटी होती. सागवानी होडी चिखलात पाटासारखी सरळ बसली होती आणि तिच्या शेजारी पांढरी एका कुशीवर कलंडली होती. मला बरंच वाटलं. म्हटलं, बघा बाबा, ही आपल्या खाडीत टिकायची नाही, ओहोटीला अशी आडवी होणार.

वडील कलंडलेल्या होडीपाशी गेले आणि वाकून लाल गादीवर हात फिरवत राहिले.

"ओहोटीला कोन जातं?" ते म्हणाले. "रेती काढाची तं ओहोटी पायजे. पानी उतरलं का बुडी मारायची, पाटी भरायची. जलमभर ओहोटीचीच वाट बघली. आता आपल्याला काय कामाला जायाचं हाय? फिरायला भरतीत जायाचं."

मग सागवानीकडे न बघताच म्हणाले, "नि लाकडावर बसून हाडं झिजली. गादी बरी हाय."

मी त्यांच्यासाठी त्यांचे कष्टच विकत घ्यायला निघालो होतो. बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

पांढरी घेतली. पहिल्या रविवारी भरती चढल्यावर निघालो. वडील धुतलेला सदरा घालून पुढच्या गादीवर ऐसपैस बसले होते, एखाद्या पाहुण्यासारखे. गोदामाचे पत्रे दिसू लागले तसा मी इंजिनाचा वेग वाढवला. त्यांनी हात वर केला. मी वेग कमी केला.

गोदामाच्या मागे जुन्या बांधाचा थोडा तुकडा अजून शिल्लक होता. वडील तो बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या मुलीला जवळ ओढून म्हणाले, "तो बांध मी नि तुझ्या आजीनं घातला. खारं पानी कदी आत येऊ दिलं न्हाय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. छाती मात्र थोडी पुढे आली होती. पोरीने विचारलं, अजून आहे तो? ते म्हणाले, "हाय ना. बघ की."

मग मला म्हणाले, "चल आता. पानी उतरंल."