धक्क्यावरची जागा

कॅनडातल्या विंडसरला नदीच्या धक्क्यावर भेटणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी मला फसवलं. पाणगवताजवळची त्यांची जागा मला हवी होती. गळाला आमिष म्हणून लावलेला लाकडी बेडूक ते पाण्यावर हलकेच थरथरवत आणि थांबत. माझ्या बेडकावर बास मासा झेपावला की मी लगेच ओढायचो आणि तो निसटायचा. ते हसत, "पुत्तर, पहले उसे खाने तो दे!"

सप्टेंबरात पाणी गारठलं, मासे वर येईनात. मी जागेसाठी घासाघीस केली. त्यांची अट एकच: बर्फ पडेपर्यंत रोज शेजारी येऊन बसायचं, मग पुढच्या उन्हाळ्यात जागा माझी. सौदा स्वस्तात पटला, असं मला वाटलं.

जूनमध्ये त्यांचा मुलगा भेटला. सरदारजी हिवाळ्यातच वारले होते. पुढचा उन्हाळा दिसणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना आदल्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं. जागा माझी झाली, मासे अजून निसटतात. सरदारजी, आता हसायचं कोणी? जाब द्या.