एकट्याने न जेवणारे सुभेदार

सुभेदारांना एकट्याने जेवताना आमच्या चाळीत कुणीही पाहिलेलं नाही. दुपारचे बारा वाजले की नऊ नंबरच्या खोलीतून ते पितळी ताट घेऊन बाहेर पडत. ताटात स्वतः शिजवलेला भात, कसलीतरी पालेभाजी आणि लोणच्याची फोड. ज्या घरात पानं मांडलेली दिसतील त्या घराच्या उंबऱ्याशी ते बसत. दुसऱ्याचं काही घेत नसत, फक्त समोर जेवणारं माणूस हवं असे. आम्ही मुलुंडला नवीन राहायला आलो तेव्हा आईला वाटलं, म्हातारा बांगड्याच्या वासावर आलाय. तिने एक तुकडी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती उचलून माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "माज्या ताटात माजा असा. तू जेव गो." आईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सुभेदार हे नाव चाळीनेच दिलेलं. लढाईत ते साधे शिपाई म्हणून गेले आणि साधे शिपाई म्हणूनच परत आले. मधली बढती आमची होती, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही.

एकदा सगळी चाळ ठाण्याला लग्नाला गेली होती. सुभेदार तापाने मागे राहिले. आम्ही परत आलो तर कोपऱ्यावरच्या कारखान्याचा गुरखा त्यांच्या दारात मांडी घालून चपाती खातोय, आणि समोर हे घोंगडी पांघरून पेज पिताहेत. त्या बिचाऱ्याला ड्युटीवरून उठवून आणलं होतं. बाबा म्हणाले, "ताप असताना कशाला एवढी खटपट, सुभेदार?" तर म्हणाले, "तापात तर जोडी व्हयीच. बरो माणूस काय, कसोय जेवता."

पावसाळ्यात ते आम्हा पोरांना टेकडीच्या पायथ्याशी टाकळा खुडायला नेत. टाकळा आम्हाला ठाऊक होता, पण सुभेदार रताळ्याचा पालाही शिजवत. त्याला मी एकदा तोंड वाकडं केलं. ते रागावले नाहीत. "बाय, ह्याच पाल्यार मी तीन वर्सां काढलंय," एवढंच म्हणाले आणि खुडत राहिले.

मग तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या हाती लागले होते. बोटीत कोंबून कैद्यांना दूरच्या एका बेटावर नेलं. दिवसभर विमानांची धावपट्टी खणायची आणि संध्याकाळी मूठभर भात. पुढे तोही बंद झाला आणि कैद्यांनी स्वतः लावलेली रताळी उरली, त्यातलीही मोठी पहारेकऱ्यांना जायची. तिथे त्यांनी आपापसात जोड्या केल्या होत्या. दोघांत एक डबा. एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचा वाटा राखायचा, पाणी उकळून द्यायचं आणि हजेरीच्या वेळी त्याला खांदा देऊन उभं करायचं, कारण जो उभा राहिला नाही त्याचं जेवण तोडत. सुभेदारांची जोडी मदुराईकडच्या वेलूशी होती. यांना तमिळ येत नव्हतं आणि त्याला मालवणी. "दोन वर्सां आमी भांडलो," ते मिशीत हसत सांगत, "पण कोण काय बोलता ता कोणाक कळला नाय, म्हणान टिकलो." दोघे जिवंत परतले. ही गोष्ट ऐकताना आम्हाला लढाईपेक्षा त्या भांडणांचीच मजा वाटे. पण जोडी दोनच वर्षांची का, तीन का नाही, हा हिशेब आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा गिरणीत होते. पहिले काही महिने घरात संपाच्या गप्पा होत, नंतर त्याही बंद झाल्या. बाबा दिवसभर भिंतीला टेकून कालचाच पेपर वाचत. आईने एक दिवस ठरवलं की नंदूला, माझ्या आठ वर्षांच्या भावाला, कुडाळला मामाकडे ठेवायचं. मामाकडे भात होता, गाय होती, शाळाही जवळ होती. आमच्याकडे ही रीतच आहे. घरात ओढाताण झाली की धाकट्याला भाताच्या घरी पाठवायचं. त्यात कुणाला वाईट वाटत नाही, उलट पोराचं नशीब म्हणतात. नंदूला मात्र जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. लोखंडी ट्रंक उघडी होती आणि आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा सुभेदार ताट घेऊन उंबऱ्याशी आले.

"खंय चललास?"

"मी नाही, आजोबा. नंदूला पाठवतेय मामाकडे. पोटभर जेवेल तरी."

सुभेदारांनी ताट खाली ठेवलं. भाताला हात लावला नाही. ट्रंकेकडे बघत बाबांना म्हणाले, "पेपर ठेव जरा बाजूक."

मग सुभेदारांनी आजवर न सांगितलेलं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ, बाबी, त्यांच्या मागोमाग पलटणीत भरती झाला होता. दोघे एकत्रच पकडले गेले. त्या बेटावर पहिलं वर्षभर सुभेदारांचा डबा बाबीबरोबर होता. मग एक दिवस दुसऱ्या बेटावरच्या छावणीसाठी माणसं हवी आहेत असं सांगण्यात आलं. तिथे स्वयंपाकघर आहे, दोन वेळ भात आहे, अशी बातमी होती. बाबी जायला तयार नव्हता. थोरल्याने त्याला दटावलं, पाठीला हात लावून रांगेत पुढे ढकललं. "आमच्या घरची रीत ती. जंय भात, थंय धाकट्याक धाडूचा." बोट गेली. लढाई संपल्यावर कळलं की त्या छावणीतून एकही माणूस परत आला नाही. भात तिथेही नव्हता, आणि तापात बाबीला उभं करायला कुणी ओळखीचं नव्हतं.

"त्येका भुकेन मारूक नाय," सुभेदार म्हणाले. "एकटेपणान मारला. आणि एकटो मी केलंय."

आई घडी घातलेला सदरा हातात धरून बसली होती. मामाचं घर म्हणजे काही छावणी नव्हे, हे तिलाही कळत होतं आणि त्यांनाही. पण ती उठली, ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले आणि म्हणाली, "नंदू, ताटं घे."

कपडे काढले म्हणून भात येत नाही. ते काम सुभेदारांनी दुसऱ्या दिवशी हाती घेतलं. ज्या घरात संप आणि ज्या घरात नोकरी, अशी दोन-दोन घरं त्यांनी एका चुलीला जोडली. आमची जोडी बस कंडक्टर सावंतांच्या घराशी लागली. त्यांच्या बायकोला तान्हं मूल होतं आणि कंबर धरली होती. शिधा त्यांचा, स्वयंपाक आईचा. बाबा अडून बसले. उपकाराचं मी खाणार नाही म्हणाले. सुभेदार त्यांच्यावर असे ओरडले की पलीकडच्या चाळीतले लोक बाहेर आले. "वेलू माज्यार उपकार करी होतो काय रे? त्येका माजी गरज होती, माका त्येची." बाबा त्या दिवसापासून सावंतांचं पाणी भरू लागले. कुरबुरी रोज होत. सावंतीणबाईंना आईचा तिखट हात सोसत नसे आणि आईला त्यांचं टोमणे मारणं. पण आजूबाजूच्या चाळींतून पोरं गावी रवाना होत असताना आमच्या चाळीतून एकही गेलं नाही. हे मी आजही कुणालाही मान वर करून सांगते. ज्या माणसाने आयुष्यात एक चूक केली, त्याने ती दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

संपानंतर पाच-सहा वर्षांनी सुभेदार गेले. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. अग्नी कोण देणार हा प्रश्न चाळीत कुणी विचारलाच नाही. नंदू तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो आंघोळ करून ओल्या पंच्याने पुढे येऊन उभा राहिला.

स्मशानातल्या कारकुनाने वही उघडून विचारलं, "मयताचा तू कोण?"

नंदू गोंधळला. मग म्हणाला, "यांनी मला गावी जाऊ दिलं नाही."

कारकून पेन धरून थांबला. बाबा मागून म्हणाले, "नातू लिहा," आणि त्याने तसं लिहून घेतलं.