परीचे अख्खे धने

आज अंगणात चपलेखाली धने रगडले, वास नाकात शिरला आणि परी आठवली.

तेव्हा वाशीमच्या या घरात माझं पाळणाघर होतं. मोरीच्या पाण्यावर एक वाफा केला होता. त्यात मी मुलांकडून सांबार पेरून घ्यायची; कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. अख्खा धना उगवायला फार दिवस घेतो, म्हणून आधी चपलेनं रगडून त्याच्या दोन फोडी करायच्या. पोरांना पाय आपटायला निमित्तच हवं. सगळी धन्यांवर नाचत होती. चार वर्षांची परी मात्र मूठ घट्ट मिटून बाजूला उभी होती.

"काहून वं, तुले नाही रगडायचे?"

"त्याईले लागते ना, मावशी!"

मला हसू फुटलं. तिनं आपले धने तसेच पपईच्या बुडाशी पेरले. पुढं सगळ्यांचे उगवले, तिचे नाही. रोज आली की आधी तिथं उकिडवी बसायची. "झोपून राह्यले ते," मलाच समजवायची.

मग तिच्या वडिलांची बदली झाली. ती गेल्यावर पपईखाली हिरवे कोंब आले. ते दाखवायला परीच नव्हती.

पाळणाघर बंद होऊनही आता वर्षं झाली. फाटक वाजतं ते वाऱ्यानंच.

आज अर्धे धने रगडून मी पाय उचलला. उरलेले अख्खेच पेरले. येऊ देत उशिरा. तेवढे दिवस सकाळी उठून बघायला जायला मला एक जागा राहील.