रेडिओसाठी काढलेले सेल

मुलांचा जुना ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम कपाटात सापडला, म्हणून नवे सेल घालून खेळायला बसलो. ठोकळे भराभर खाली येतात. थरथरत्या अंगठ्याने एक वळवेपर्यंत दुसरा डोक्यावर असतो, आणि चुकीचा बसलेला पुन्हा उचलता येत नाही.

"बाबा, फिरवा! फिरवा ना लवकर!" शेजारून सुमन ओरडत होती.

सेल काढले की यातला उच्चांक पुसला जातो. तिच्या भावाचा तसाच गेला होता. तो रडू लागला, तेव्हा सुमनवर आळ घेऊन मी तिला थोबाडीत मारली होती.

ठोकळे वरपर्यंत आले.

"सुमे, तेव्हा सेल मीच काढले होते. रेडिओसाठी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला मारलंत तेव्हा रेडिओ चालूच होता."