घराच्या आवाजासाठी एक मिनिट

भौतिकशास्त्राची पदवी हातात होती आणि पुण्याला एम.एस्सी.साठी जागाही मिळत होती, तेव्हा मी नाशिकमध्येच राहून चित्रपटनिर्मितीच्या एका वर्षाच्या पदविकेला नाव नोंदवले. घरात कोणी ओरडले नाही. वडील सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात होते. आरडाओरडा करण्यापेक्षा अट घालणे त्यांना अधिक जमे. वर्षाअखेरीस दोघादोघांच्या गटाने एक छोटा माहितीपट करायचा होता आणि पहिल्या आलेल्या माहितीपटाच्या दिग्दर्शकाला मुंबईतल्या एका निर्मितीगटात उमेदवारीची संधी मिळणार होती.

"पहिली आलीस तर जा मुंबईला. नाही आलीस तर एम.एस्सी., आणि मग कुरकुर नको," वडील म्हणाले.

मी तिथल्या तिथे हो म्हटले. पहिला क्रमांक तोवर मला सहज मिळत आला होता; ती माझ्या काळजीची गोष्ट नव्हती.

माहितीपटाचे संकेत आमच्या शिक्षकांनी वर्गात सांगितले, तेव्हा बाकीचे जांभया देत होते. मला मात्र ओळखीच्या प्रदेशात आल्यासारखे वाटले. बोलणाऱ्याने कॅमेऱ्यात पाहायचे नाही, कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या प्रश्नकर्त्याकडे पाहायचे. प्रश्नकर्त्याचा आवाज नंतर काढून टाकला जातो, म्हणून उत्तरातच प्रश्न यायला हवा. घडलेली गोष्ट पुन्हा घडवून आणायची नाही. हे सारे मला प्रयोगशाळेतल्या शिस्तीसारखे वाटे. व्होल्टमीटर जोडला की तो स्वतःही थोडा प्रवाह घेतो. तो जितका कमी घेईल तितके मोजमाप खरे. दिग्दर्शकाने तसेच असावे, असे मी माझ्या सहकाऱ्याला बजावले. तो वर्गमित्र कॅमेरा सांभाळणार होता आणि त्याला पहिल्या क्रमांकाशी काही देणेघेणे नव्हते.

"म्हणजे आपण तिथे असायचं, पण नसायचं," तो म्हणाला. "मॅडम, मग जातो कशाला?"

विषय होता फुले पिकवणारे एक घर. त्र्यंबकच्या रस्त्यालगतच्या एका गावात हे कुटुंब गुलाब आणि झेंडू लावत असे आणि घरातली सून रोज भल्या पहाटे टेम्पोने फुले शहरातल्या बाजारात नेत असे. घरात ती, तिचा नवरा, शाळेत जाणारी मुले आणि तिचे सासरे. सासऱ्यांना सारे गाव आबा म्हणे, म्हणून आम्हीही आबा म्हणू लागलो. सुनेला मी वहिनी म्हणत असे. आधी दोनदा जाऊन मी त्यांना निक्षून सांगितले होते, की आम्ही येऊ तेव्हा रोज जसे वागता तसेच वागा.

आम्हाला कॅमेरा पदविकेच्या विभागाकडून दोनच दिवसांसाठी मिळाला. पहिल्या सकाळी आम्ही पोचलो, तर अंगण ताजे सारवलेले, कोपऱ्यात शेजारून आणलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वहिनी लग्नातल्यासारख्या जरीकाठाच्या साडीत गुलाबाच्या वाफ्यात उभ्या. हातात टोपली.

"वहिनी, रोज हीच साडी नेसून फुलं तोडता?"

"येड्या का काय ताई? काटं लागून चिंध्या होत्याल."

"मग आज?"

"आज तुम्ही आले ना!" त्या म्हणाल्या. "माझ्या जावा बघतील, माहेरची बघतील. मी काय गाऊनवर टावेल टाकून उभी राहू?"

मी चिडले, पण वेळ जात होता आणि ऊन चढत होते. मुलाखतीने तर आणखीच घाम काढला.

"तुम्ही किती वाजता उठता?"

"चारला."

"वहिनी, पूर्ण वाक्य सांगा. प्रश्न त्यात आला पाहिजे."

"अवो, आत्ता तुम्हीच इचारलं ना? मग मी परत कशाला इचारू?"

"विचारू नका. म्हणजे, 'मी पहाटे चारला उठते', असं."

त्यांनी घसा खाकरला, पदर सारखा केला आणि शाळेत कविता म्हणतात तशा सुरात म्हणाल्या, "तुम्ही किती वाजता उठता, तर मी पहाटे चारला उठते." आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या. सहकाऱ्याचे खांदे हलू लागले. टेपवर तो हादराही आला.

हे दिवसभर चालले. परत सांगा, परत चाला, टोपली या हातात घ्या, इकडे बघू नका. संध्याकाळी टेप पाहिली तेव्हा चित्रण नीटनेटके होते आणि त्यात कोणी जिवंत नव्हते. परीक्षक बाहेरचे असणार होते आणि दुसऱ्या एका गटाने वणीच्या गडाखालच्या दुकानदारांवर फार चांगले काम केल्याची बातमी आधीच माझ्या कानावर आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही उरलेली मुलाखत संपवली. जेवण झाले. आबा ओसरीवर पाय पसरून बसले होते, वहिनी भांडी आवरत होत्या आणि काय चालले आहे ते पाहायला शेजारच्या एक बाई कमरेवर कळशी घेऊन दारात थांबल्या होत्या. आता फक्त एक काम उरले होते. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. संपादन करताना दोन वाक्यांमधली फट भरायला त्याच जागेची शांतता लागते, म्हणून निघण्यापूर्वी ती मिनिटभर ध्वनिमुद्रित करतात. चित्राची गरज नसते. सहकाऱ्याने कॅमेरा भिंतीकडे वळवून ठेवला.

"आता कृपा करून सगळ्यांनी एक मिनिट शांत राहा," मी मोठ्याने म्हणाले. "कोणी हलू नका, बोलू नका."

आबा उठून उभे राहिले. हात समोर जुळवले, मान खाली घातली. वहिनींनी हातातले ताट खाली ठेवले, डोक्यावर पदर घेतला आणि त्याही उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईंनी कळशी हलकेच जमिनीवर टेकवली. शाळेत, ग्रामपंचायतीत, कोणी पुढारी गेल्यावर सभेत, मिनिटभर शांत राहायला सांगितले की ते कशासाठी असते हे सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला. मी कागदावरच्या संकेताची पूर्तता करत होते आणि समोर एक शोकसभा उभी होती.

बाहेर रस्त्यावरून गाडी गेली. छपराचा पत्रा उन्हाने तडतडला. नजरेच्या कोपऱ्यातून मला दिसले, की सहकाऱ्याने कॅमेरा भिंतीकडून हळूच आबांकडे वळवला आहे.

मिनिट संपले हे मी सांगण्याआधी आबाच म्हणाले, "बसा." सगळे बसले. मग त्यांनी मला विचारले, "कोणाचं होतं ताई?"

मी खरे ते सांगितले, की कोणाचेच नाही, घराचा आवाज हवा होता.

वहिनींना हसू आवरेना. "घराचा आवाज! म्या आपली माझ्या मावशीसाठी उभी राहिले. ती गेल्या महिन्यात गेली."

"अन् मी तुम्ही उभे राहिले म्हणून," शेजारच्या बाई कळशी उचलत म्हणाल्या. "म्हटलं, गेलं आसल कोणीतरी मोठं."

आबा हसले नाहीत. "म्या धाकल्या पोरासाठी धरलं," ते म्हणाले. "सातवीत व्हता, तव्हा गेला तापानं. त्याच्या शाळेत समदे उभे राहिले व्हते, मास्तर, पोरं. मला बोलावलं व्हतं. म्या नाय गेलो. जाववलं नाय." मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केले. "यात आलो का मी?"

"आलात की आबा, झकास आलात," सहकारी म्हणाला.

आबांचा हात डोक्याकडे गेला. जेवायला बसताना काढलेली टोपी आत खुंटीला होती. "बोडका? नाय नाय. परत घ्या. टोपी घालून येतो."

मी म्हटले, की आबा, तसे करता येत नाही. जे घडले ते घडले. पुन्हा करायला सांगितले की ते नाटक होते.

"वा ताई!" वहिनी भांड्यांवरून उठल्या. "कालधरनं मला परत सांगा, परत चाला करून पार दमवलं. तव्हा नव्हतं नाटक? आबा एकदा म्हणत्यात, तर लगेच नियम आडवा येतो तुमचा?"

सहकारी माझ्या कानाशी कुजबुजला, "पहिला शॉट म्हणजे सोनं आहे. आता गप्प बस आणि हो म्हण. दुसरा घेऊ, वापरू नको."

आबा तोंड धुऊन, सदऱ्याची बटणे लावून, टोपी घालून आले आणि ओसरीवर त्याच जागी उभे राहिले. यावेळी बाकीचे बसून होते. "सांगा," ते म्हणाले. मी कॅमेऱ्यामागून म्हणाले, "एक मिनिट शांत राहा." त्यांनी मान खाली घातली. मिनिट कधीच उलटून गेले. थांबा म्हणायचा अधिकार मला आहे असे मला वाटेना. शेवटी "बसा" त्यांनीच म्हटले, पण बसायला उभे दुसरे कोणी नव्हते.

संपादनाच्या खोलीत सहकारी आणि मी भांडलो. पहिले चित्रण निर्विवाद सरस होते: तीन माणसे, कोणाला कल्पना नाही, भिंतीवरून हळूच वळत गेलेला कॅमेरा. आणि संकेतांच्या दृष्टीने तेच शुद्ध होते.

"नियम तूच डोक्यावर घेतलेस," तो म्हणाला. "आता नियम तुझ्या बाजूने आहेत, तर तुला नकोत?"

"त्या शॉटमध्ये आबांना ठाऊक नाही, की आपण बघतोय."

"तेच तर पाहिजे ना! असून नसायचं. तूच म्हणालीस."

मी दुसरे चित्रण घेतले. आणि ते आपोआप घडले असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून माझे "एक मिनिट शांत राहा" आणि त्याआधीचे आबांचे "सांगा" दोन्ही ठेवले. तेवढ्याने साऱ्या कामाला खोट येणार हे मला दिसत होते. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर मी पहिले चित्रण मनात जोडून पाहत असे, आणि दर वेळी ते अधिक चांगले दिसे.

परीक्षकांनी चित्रपट संपल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला. "दिग्दर्शिकेचा आवाज कसा राहिला? आणि हा प्रसंग उघडच मांडलेला आहे."

"हो सर. त्यांनी तो मांडायला सांगितला. आवाज मी मुद्दाम ठेवला आहे."

"मग तो माहितीपट कसा?"

मी उत्तर दिले, बहुधा गरजेपेक्षा लांब. त्यांनी शांतपणे ऐकले आणि गुण लिहिले. वणीच्या दुकानदारांना पहिला क्रमांक मिळाला. आम्हाला दुसरा.

वडील शेवटच्या रांगेत बसले होते. परतताना मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे सगळे अडकले होते. दोन ट्रकच्या मधोमध आम्ही धूर खात उभे राहिलो. त्यांनी इंजिन बंद केले आणि मान किंचित मागे वळवली.

"तुझा आवाज काढता आला असता?"

"सहज."

"मग क्रमांक बदलला असता?"

"कदाचित. ठाऊक नाही."

"तरी ठेवलास."

"हो."

ते समोर पाहू लागले. पुढची बस जराशी सरकली आणि पुन्हा थांबली. "अट ती अट," ते म्हणाले. आवाजात कडकपणा नव्हता, पण माघारही नव्हती.

"जूनमध्ये जाते पुण्याला," मी म्हणाले. "कुरकुर करणार नाही. पण तास संपल्यावर संध्याकाळी मी तिथे काय करायचं, ते अटीत नव्हतं."

वडिलांनी थोडा विचार केला. "नव्हतं," ते म्हणाले. "घालायला हवं होतं." मागून हॉर्न वाजू लागले होते. त्यांनी स्कूटरला किक मारली.