आत्याच्या रुखवतातली हिरॉइन

बाबांचं एकही चित्र आमच्या घरी नाही. नांदेडच्या एका टॉकीजवर त्यांनी जन्मभर सिनेमाचे बोर्ड रंगवले. पण दर शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा आणि जुन्या चेहऱ्यांवर तेच स्वतः पांढरा हात मारायचे. पुढे बाबा गेले, टॉकीज पाडलं, विषय संपला. मी मात्र सिनेमाच्या जुन्या ताटल्या जमवायच्या नादाला लागले. हिरो-हिरॉइनची चित्रं असलेल्या, चिनी मातीच्या, पत्र्याच्या, पितळेच्या. घरचे म्हणतात, "हिला खूळ लागलंय." लागलंय तर लागलंय!

तर परवा भाजी निवडता निवडता आई सहज बोलून गेली, की आत्याच्या लग्नात रुखवतात मांडायला बाबांनी एक पितळी ताट रंगवलं होतं. गुलाबी साडीतली हिरॉइन, कानात मोठाले झुमके. इतकी वर्षं ही बाई गप्प बसली होती! मी तिथल्या तिथं लातूरला आत्याला फोन लावला. म्हटलं, ते ताट बघायला येते.

"हाव, हाय की," आत्या म्हणाली. "माळ्यावर असंल. ये तू, काढून ठेवते."

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी उन्हाच्या आत लातूरला टेकते, आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. अहमदपूरला भजी खा, गरम असतात. चहाच्या वाटेला जाऊ नका, नुसतं साखरेचं पाणी. रस्ता बराच सुधारलाय, तरी मागच्या सीटवर बसलात तर कंबरेची जबाबदारी तुमची.

लातुरात आधी गंजगोलाईच्या बाजारात शिरले. तिथं जुन्या भांड्यांचं एक दुकान आहे, चाचा ओळखीचे. त्यांच्याकडे एक पत्र्याची ताटली होती, घोड्यावरचा हिरो. मी भिंग लावलं. छापील चित्र असेल तर भिंगातून बारीक बारीक ठिपके दिसतात, हातानं काढलेलं असेल तर ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी फसणार नाही. ही छापीलच निघाली. छापील ताटली शे-दोनशेत मिळते, त्याच्या वर देऊ नका. हातानं काढलेल्याला भाव नसतो, ज्याला हवी त्याची गरज हाच भाव.

माझं काम सांगितल्यावर चाचा एकदम गंभीर झाले. "हातचं असंल तर बिलकुल घासू नका, बाई. मैल राहू द्या. मैल निघाला की रंग बी निघाला."

"चाचा, मलाच शिकवून राहिले का तुम्ही?" म्हणत मी हसत हसत रिक्षात बसले.

आत्यानं दारातच जयभीम घातला, गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. हातपाय धुवायच्या आत पान वाढलं. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि ताट असं लख्ख की त्यात वरचा पंखा दिसत होता.

"आत्या, आधी ते ताट दाखव ना."

"हे काय, त्यातच तर वाढलंय!"

मी भाकरी उचलून खाली बघितलं. नुसतं पितळ.

"धुरानं पार काळंठिक्कर झालतं गं," आत्या कौतुकानं सांगत होती. "माझ्या भावाची लेक येणार, तिला काय काळ्या ताटात वाढू? चिंच लावली, राख लावली, शेवटी तारेची घासणी घेतली. खांदे भरून आले बघ."

"आणि चित्र?"

"चित्र कुठलं, कवापासून दिसतच नव्हतं. घासता घासता एक भिवई तेवढी दिसली. मला वाटलं डाग हाय. मंग अजून जोर लावला."

जेवले. न जेवून काय करणार? समोर आत्या "अजून एक भाकर घे" म्हणत बसलेली. तिला बोलून रंग परत येणार होता थोडाच! नंतर मोरीत ताट मीच धुतलं आणि भिंग लावलं. काठाच्या खोबणीत नखाएवढा गुलाबी रंग उरला होता. ठिपके नव्हते, ब्रशच्या रेघा होत्या. बाबांचाच हात होता तो, शंकाच नको.

ताट घेऊन जाते म्हटल्यावर आत्यानं ते शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून दिलं. रिकामं ताट लेकीच्या हातात देत नाहीत म्हणे. परतीच्या एसटीत ते मांडीवर धरून बसले आणि चाकूर येईपर्यंत रडले. शेजारची बाई विचारत होती, "कोन गेलं का?" मी हो म्हणून मान हलवली. आता ताटाची किंमत विचाराल, तर पितळेची, वजनावर. आणि आत्या कितीही मायेची असू दे, माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही.

घरी आईनं लाडू डब्यात काढले, ताट उलटंसुलटं करून बघितलं. "कसं लखलखीत हाय," म्हणाली. "नवं घेतलं का गं? आणि ह्यांचं ते चित्राचं ताट, ते नाही दिलं वन्संनी?"

"नाही सापडलं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "त्यांच्याकडंच असू दे. भावाची आठवण हाय, जीवापाड जपलं असंल."

आणि त्या ताटात ती उद्याचे तांदूळ निवडायला बसली.